येणारं स्मार्टवॉच आणि अजून न आलेली गॅजेट्स: किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मोबाइल आणि घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, बोटी पाण्यात जातात, आणि त्याच सुमाराला काउंटरवर दरवर्षीचा विषय सुरू होतो: नवीन घड्याळ कधी येणार, त्यात काय असणार, कुणीतरी व्हिडिओत दाखवलं ते खरं का. खलाशी विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात, मुंबईहून चाकरमान्यांचे मेसेज येतात. प्रत्येकाला घाईघाईत अर्धं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

गणपतीला गावी येतोय. घड्याळ आत्ता घेऊ की नवीन येईपर्यंत थांबू?

ॲपलची नवीन घड्याळं बहुतेक वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दाखवली जातात, म्हणून हा प्रश्न नेमका गणपतीतच पडतो. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला बसले आणि ९ तारखेला सिरीज १० आलं. आमच्या वाडीतली पोरं आरती उरकून रात्री साडेदहाला मोबाइलवर तोच कार्यक्रम बघत बसली होती. सॅमसंगची घड्याळं अलीकडे जुलैच्या आसपास येतात, गूगलची ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान.

तुम्ही जुलै ते सप्टेंबरमध्ये विचारत असाल तर थांबा. नवीन घेतलं नाहीत तरी जुन्याची किंमत उतरते आणि दिवाळीच्या सेलमध्ये आणखी उतरते. डिसेंबर ते मेमध्ये विचारत असाल तर अफवेसाठी थांबण्यात अर्थ नाही. आणि हातातलं घड्याळ बंद पडलंय, डॉक्टरांनी ठोक्यांवर लक्ष ठेवायला सांगितलंय, अशी गरज असेल तर महिना कुठलाही असो, थांबू नका.

या बातम्या बाहेर फुटतात कुठून?

चार-पाच वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेचं वजन वेगळं आहे.

सगळ्यात भरवशाची वाट सरकारी नोंदीची. भारतात स्मार्टवॉच विकायचं तर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी लागते. २०१७ च्या यादीपासून स्मार्टवॉच त्यात आलं. अमेरिकेत रेडिओ लहरी सोडणाऱ्या प्रत्येक यंत्राला एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेची मान्यता लागते. तिथले फोटो कंपनी काही महिने झाकून ठेवू शकते, पण मॉडेल क्रमांक दिसतोच. नोंद दिसली म्हणजे यंत्र तयार आहे आणि कुणीतरी त्यासाठी पैसे खर्च केलेत. मात्र अशा नोंदीतून किंमत कळत नाही आणि तारीखही कळत नाही.

दुसरी वाट कव्हर आणि पट्टे बनवणाऱ्यांची. नवीन घड्याळ बाजारात आलं त्याच दिवशी आपलं कव्हर दुकानात हवं म्हणून ते आधीच मापं मिळवतात. ऑनलीक्स नावाने ओळखला जाणारा स्टीव्ह हेमरस्टॉफर अशाच आराखड्यांवरून चित्रं तयार करून दाखवतो. तिसरी वाट कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांची. मिंग-ची कुओसारखे विश्लेषक तिथून अंदाज बांधतात. मार्क गर्मनसारख्या पत्रकाराचे स्रोत कंपनीच्या आतले असतात.

कधी कधी निव्वळ विसरभोळेपणाही असतो. २०१० मध्ये आयफोन ४ चा नमुना कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये राहिला, आणि २०२२ मध्ये गूगलच्या पहिल्या पिक्सेल वॉचचा नमुना एका रेस्टॉरंटमध्ये सापडला. ती दोन्ही यंत्रं पुढे खरोखर आली.

सगळ्यात कच्ची वाट पेटंटची. पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी जाहीर होतो आणि मोठ्या कंपन्या दरवर्षी हजारो अर्ज टाकतात. आपल्याकडे माणूस रस्त्याकडेला जागा घेऊन ठेवतो, म्हणून तिथे घर उभं राहतंच असं नाही. पेटंटचं तसंच आहे.

मग नावाजलेल्या माणसाने सांगितलं तर विश्वास ठेवायचा ना?

ठेवा, पण तुमचा निर्णय त्यावर टांगू नका. मी ही चूक केली आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात जवळजवळ सगळे सांगत होते की ॲपलच्या सिरीज ७ ला सपाट कडा असणार. चित्रं आली, चीनमधून नकली घड्याळंसुद्धा त्याच आकारात विकायला निघाली. एक शिक्षक माझ्याकडे सिरीज ६ घ्यायला आले होते. मी त्यांना सांगितलं, ‘सर, थांबा, पूर्ण नवीन आकार येतोय.’ सप्टेंबरमध्ये सिरीज ७ आलं ते गोल कडांचं, आधीच्यासारखंच. वर प्रत्यक्ष विक्री सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. सर काही बोलले नाहीत, पण त्यांचे चार महिने माझ्या शब्दाखातर गेले. तेव्हापासून मी आकाराच्या अफवेवर कुणालाही थांबवत नाही.

नावाचंही तसंच. पहिलं घड्याळ सप्टेंबर २०१४ मध्ये दाखवेपर्यंत सगळं जग त्याला ‘आयवॉच’ म्हणत होतं. निघालं ॲपल वॉच.

व्हायरल झालेला फोटो खरा की बनवलेला, कसं ओळखायचं?

आधी घड्याळाची पाठ बघा. खोटी चित्रं काढणारे पुढच्या स्क्रीनवर मेहनत घेतात आणि पाठीकडे दुर्लक्ष करतात. खऱ्या घड्याळाच्या पाठीवर बारीक अक्षरांची गोल ओळ असते: मॉडेल, आकार, पाण्याचा दर्जा. बनवलेल्या चित्रात ती अक्षरं वितळल्यासारखी दिसतात. पट्ट्याची भोकं मोजा, एकमेकांपासून समान अंतरावर आहेत का पाहा. काचेत पडलेलं खिडकीचं प्रतिबिंब मनगटाच्या वळणाशी जुळतंय का तेही पाहा. आणि व्हिडिओच्या खालचा मजकूर शेवटपर्यंत वाचा; पुष्कळदा तिथे ‘कॉन्सेप्ट’ असं लिहिलेलं असतं. कॉन्सेप्ट म्हणजे कुणाची तरी कल्पना.

आईला मधुमेह आहे. सुई न टोचता साखर मोजणारं घड्याळ येतंय म्हणतात, खरं का?

या पानावरचं हे उत्तर सगळ्यात लक्ष देऊन वाचा.

ही अफवा दहा वर्षांहून जुनी आहे. मोठ्या कंपन्या यावर काम करताहेत हे खरं, आणि ते जमलं तर घराघरात फरक पडेल हेही खरं. पण औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचे सेन्सर मिळतात, त्यांचा आकडा घड्याळावर दिसतोही, पण त्या सेन्सरचा बारीक तंतू त्वचेच्या आत गेलेला असतो. मोजतो तो तंतू, घड्याळ नुसता आकडा दाखवतं.

घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो ना, त्याचा प्रकाश रक्त शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, म्हणून ठोके मोजता येतात. प्राणवायूसाठी लाल आणि इन्फ्रारेड दिवा वापरतात. साखरेचा ठसा या प्रकाशात इतका फिका असतो की घाम, त्वचेचा रंग, पट्टा सैल होणं, यांत तो हरवून जातो. अडचण खरोखर इथे आहे.

तरीही बाजारात दोन हजारांत ‘शुगर वॉच’ मिळतं. माझ्या दुकानात एक काका असं घड्याळ दुरुस्तीला घेऊन आले. जेवणाआधी आणि जेवणानंतर ते जवळजवळ तोच आकडा दाखवत होतं. त्या आकड्यावर भरवसा ठेवून काकांनी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणणं बंद केलं होतं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने असं केलं तर जिवावर बेतू शकतं. आईचं ग्लुकोमीटर चालू ठेवा.

आणि बीपी?

थोडं पुढे गेलंय. सॅमसंगच्या घड्याळात जिथे ही सोय आहे तिथे आधी दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राने मोजून घड्याळाला ते आकडे द्यावे लागतात. ॲपलने २०२५ मध्ये आणलेली सूचना आकडा दाखवतच नाही; बऱ्याच दिवसांच्या नोंदी पाहून ‘रक्तदाब वाढल्याची शक्यता आहे, तपासा’ एवढंच सांगते. तपासायचं ते डॉक्टरांकडेच.

एक लक्षात ठेवा, आरोग्याची सोय जाहीर झाली म्हणजे त्याच दिवशी भारतात आली असं नसतं. ॲपलचा ईसीजी २०१८ मध्ये जाहीर झाला आणि आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झाला. प्रत्येक देशाची परवानगी वेगळी लागते.

नवीन घड्याळ १०० मीटर वॉटरप्रूफ असणार म्हणे. बोटीवर चालेल?

पाण्याने बिघडत नाही एवढं मिठाने बिघडतं, आणि मिठाबद्दल कुठलीच अफवा बोलत नाही.

५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल स्थिर पाण्याचा दाब सहन करण्याची चाचणी. तुम्ही ५० मीटर खाली जा असा त्याचा अर्थ होत नाही. ॲपलच्या अल्ट्राला १०० मीटरचा दर्जा आहे, पण डायव्हिंगसाठी कंपनी ४० मीटरपर्यंतच सांगते. आयपी ६८ या धूळ-पाण्याच्या दर्जाची चाचणी गोड्या पाण्यात होते. आत पाणी अडवणारं रबर कायमचं नसतं. साबण, घाम, ऊन आणि आपटणं यांनी ते दरवर्षी थोडं थोडं कमजोर होतं.

गेल्या पावसाळ्यात एका तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचं, घड्याळ आलं. तक्रार एकच, चार्ज होत नाही. मी पाठ भिंगाखाली धरली. चार्जिंगच्या दोन पिनांपैकी एक चकचकीत होती, दुसरीवर हिरवट कळंक चढलेला. टाचणीने खरवडला तर खाली पिन उरलीच नव्हती, नुसता खड्डा. असं घड्याळ आलं की नेहमी प्लसचीच पिन खाल्लेली असते. कारण साधं आहे: खारं पाणी पिनांवर राहिलं आणि तसंच चार्जरला लावलं, की त्या थेंबातून वीज वाहते आणि प्लसकडचा धातू विरघळत जातो. समुद्रात सहा तास राहून जे घड्याळ मेलं नाही ते रात्री चार्जरवर मेलं.

म्हणून येणाऱ्या घड्याळाचा फोटो फुटला की मी आधी एवढंच बघतो: पाठीवर उघड्या पिना आहेत की पिनांशिवाय, नुसतं टेकवून चार्ज होतं. जेटीवर काम करणाऱ्याने पिनांशिवायचंच घ्यावं. आणि घरी आल्यावर घड्याळ नळाच्या गोड्या पाण्याखाली धुवा, फडक्याने पुसा, पूर्ण सुकल्यावरच चार्जिंगला लावा. पट्टा जिथे अडकतो त्या खाचेत मीठ साठतं, तिथे जुना टूथब्रश फिरवा.

भरती-ओहोटी दाखवणारं घड्याळ येणार आहे का?

आलेलं आहे. ॲपलच्या घड्याळात २०२४ च्या वॉचओएस ११ या सॉफ्टवेअरपासून भरतीचं ॲप आहे. गार्मिन कंपनीच्या काही मॉडेल्समध्येही ही सोय मिळते.

पण ते बरोबर दाखवतं का, हे तपासायची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि तेव्हाच उधाण. रोज भरती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तिथीचा हिशेब त्याला बरोबर धरून चालतो. घड्याळाचा आकडा यापासून तासाभराहून जास्त लांब असेल, तर ते दुसऱ्याच बंदराची वेळ दाखवतंय असं समजा आणि सेटिंगमधली जागा बदला.

हा हिशेब उघड्या किनाऱ्याचा. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोहोचते. घड्याळाचं गणित चंद्र-सूर्यावर चालतं. वारा, पुराचं पाणी आणि मुखाशी साचलेला गाळ त्यात धरलेला नसतो. नौका खाडीच्या तोंडातून आत घेताना तांडेलाचा डोळा घड्याळापेक्षा वरचा.

मला स्वतःला घड्याळातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती हवेचा दाब मोजणारा सेन्सर. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत दाब झपाट्याने उतरला की वादळाचा इशारा देण्याची सोय असते. हवामान खात्याच्या इशाऱ्याची जागा ते घेणार नाही, पण मोबाइलची रेंज गेल्यावर मनगटावर एवढं तरी राहतं.

उपग्रहावरून मेसेज जाणारं घड्याळ घेतलं तर खोल समुद्रात उपयोग होईल?

२०२५ मध्ये ॲपलचं अल्ट्रा ३, गूगलचं पिक्सेल वॉच ४ आणि गार्मिनचं फेनिक्स ८ प्रो अशी तीन घड्याळं ही सोय घेऊन आली. पण ही सोय देशादेशाप्रमाणे चालू-बंद असते. घेण्याआधी कंपनीच्या यादीत भारताचं नाव आहे का ते स्वतः वाचा. व्हिडिओवाल्याने अमेरिकेत चालवून दाखवलं म्हणजे आपल्याकडे चालेल असं नाही.

आणि परदेशातून वेगळं उपग्रह संदेशयंत्र किंवा उपग्रह फोन कुणाकडून मागवू नका. परवानगीशिवाय ते भारतात बाळगणं बेकायदा आहे. विमानतळावर अशा यंत्रांमुळे पर्यटकांना अडवल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हौसेपोटी पोरगं अडचणीत येईल.

मच्छीमारांसाठी आपली स्वतःची व्यवस्था आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. देशभरात १ लाख नौकांचं उद्दिष्ट आहे. इस्रोच्या तंत्रावर चालणारं हे यंत्र रेंज नसतानाही दोन्ही बाजूंनी मेसेज पाठवतं, संकटाचा इशारा देतं. नाखव्याने घड्याळाच्या अफवेकडे बघण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन आपल्या नौकेची चौकशी करावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

बॅटरी किती दिवस चालणार, हे अफवेवरून कळतं का?

आकडा कळतो, अनुभव कळत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. माझी बहीण त्या भागात असते. तिच्याकडचं रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ दुसऱ्या संध्याकाळी बंद पडलं, आणि मोटारसायकलच्या बॅटरीवर जे काही चार्ज होत होतं ते फोनसाठी राखून ठेवलेलं. पावसाळ्यात लाइट जाणाऱ्या गावात राहत असाल, तर चमकदार स्क्रीनच्या बातम्या सोडा आणि आठवडाभर चालणारं घ्या.

मायक्रोएलईडी स्क्रीन, घड्याळात कॅमेरा, पट्ट्यात बॅटरी, यातलं काय येणार?

ॲपलच्या मायक्रोएलईडी, म्हणजे अतिसूक्ष्म दिव्यांची स्क्रीन असलेल्या, घड्याळाची चर्चा वर्षानुवर्षं चालली. २०२४ च्या सुरुवातीला त्यासाठी भाग बनवणाऱ्या एएमएस ओस्राम कंपनीने आपला मुख्य प्रकल्पच रद्द झाल्याचं जाहीर केलं, आणि तो ॲपलचाच असावा असं सगळ्यांनी धरलं. पुढे मायक्रोएलईडी आणलं ते गार्मिनने, २०२५ मध्ये. ॲपलच्या बाबतीत बाकीच्या दोन गोष्टी अजून पेटंटच्या कागदावर आहेत.

डॉलरमधली किंमत फुटली की रुपयांत किती पडेल?

डॉलरचा भाव गुणून येणारा आकडा धरू नका. सिरीज १० अमेरिकेत ३९९ डॉलरला होतं, भारतात ४६,९०० रुपयांना. अमेरिकेच्या किमतीत तिथला कर धरलेला नसतो, आपल्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो.

भाऊ दुबईहून आणतोय, स्वस्त पडेल ना?

पडेल. पण सिमचं मॉडेल असेल तर आपल्या कंपनीच्या टॉवरशी त्याच्या लहरी जुळतात का, आणि वॉरंटी भारतात चालते का, हे दोन प्रश्न त्याला तिथल्या दुकानातच विचारायला सांगा. बिल जपून ठेवायला सांगा. बिलाशिवाय आलेल्या घड्याळाला मी सुद्धा फार मदत करू शकत नाही.

घडीचा फोन, अंगठी, चष्मा यांच्याबद्दल काय?

घडीच्या फोनच्या अफवेत पाण्याचा दर्जा मोठ्या अक्षरात असतो. तुम्ही आधीचा आकडा बघा. आयपी ४८ मधला ८ पाण्याचा, ४ धुळीचा. आणि ४ म्हणजे १ मिलिमीटरहून मोठे कण अडतात एवढंच. गणपतीपुळ्याची वाळू त्याहून बारीक आहे. ती बिजागरीत शिरली की घडी मिटताना कचकच आवाज येतो आणि तिथून स्क्रीन चिरायला लागते. धुळीचा आकडा ६ असलेलाच फोन वाळूवर न्यावा. गूगलने २०२५ मध्ये आयपी ६८ चा घडीचा फोन आणला आहे.

स्मार्ट अंगठी झोप मोजायला चांगली, पण जाळं ओढताना बोटात कुठलीच अंगठी नको, साधीसुद्धा. दोरात अडकली तर बोट जातं. चष्म्यांबद्दल आमच्याकडे अजून फारसं कुणी विचारत नाही.

एका साइटवर अजून न आलेल्या घड्याळाचं आगाऊ बुकिंग सुरू आहे. पैसे भरू का?

नाही. कंपनीने स्वतः तारीख आणि किंमत जाहीर केल्याशिवाय एक रुपयाही नाही. मी स्वतः एकदा एका साइटवर न आलेल्या अंगठीसाठी पैसे भरले होते. अंगठी आली नाही, आणि दोन महिन्यांनी साइटही उघडेना.

जाहीर झालेलं यंत्रसुद्धा येईलच असं नाही. ॲपलने एअरपॉवर नावाचं चार्जर सप्टेंबर २०१७ मध्ये व्यासपीठावर दाखवलं आणि मार्च २०१९ मध्ये रद्द केलं. ह्युमेन कंपनीची छातीवर लावायची एआय पिन २०२४ मध्ये लोकांच्या हातात पडली. २८ फेब्रुवारी २०२५ ला तिची सेवाच बंद झाली. ६९९ डॉलर मोजलेल्यांच्या हातात चुंबकाचा तुकडा उरला.

दुकानातून घेताना मात्र खोक्यावरचा बीआयएसचा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. दीड हजारात मिळणारी ‘अल्ट्रा’ इथेच उघडी पडतात.

नवीन घड्याळात मराठी नीट दिसेल का?

याबद्दल कुठल्याच अफवेत एक ओळ सापडत नाही, आणि आजीने पाठवलेला मेसेज चौकोनांच्या रांगेत आला की मला फार वाईट वाटतं. घेण्याआधी दुकानातच घड्याळ तुमच्या फोनला जोडून मागा आणि दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच एक मेसेज पाठवा: ‘बाळ्या, सुकती लागली, कोळंबी घेऊन वेळेत ये, ज्ञानदाला दवाखान्यात न्यायचंय.’ ‘ळ’ जागेवर आहे का, ‘ज्ञ’ फुटला का, ‘न्या’ जोडलेला आहे का, एवढं बघा. घड्याळ तुमच्याकडे नसेल तर दुकानात या, काउंटरवरच्या नमुन्यांवर मी पाठवून दाखवतो.